एकतिसावा दिवस

अभ्यासक्रम मंडळाच्या दुसऱ्या मजल्यावर, विज्ञान विभागाच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसणाऱ्या त्या गृहस्थांना लोक तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की दुरुस्तीसाहेब. हे टोपणनाव त्यांच्या कानावर आले होते, आणि खरे सांगायचे तर ते त्यांना मनातून आवडलेही होते. जिन्याजवळच्या अग्निशामक नळकांड्यावर छापलेल्या सूचनांचा क्रम उफराटा आहे, असे चार पानी पत्र त्यांनी ते नळकांडे बनवणाऱ्यांना धाडले होते आणि दोन महिन्यांच्या झटापटीनंतर ‘आपले म्हणणे रास्त आहे’ असे उत्तर मिळवले होते. ते उत्तर त्यांच्या मेजाच्या काचेखाली विराजमान होते. वाद घालणे हा आपला स्वभावच नाही, असे ते सांगत. समोरचा चुकीचे बोलतो म्हणून आपल्याला बोलावे लागते, एवढेच.

सातवीच्या विज्ञानाचा नवा अभ्यासक्रम हे त्यांचे सहा वर्षांचे काम होते. वर्षाचे एकशे ऐंशी दिवस, प्रत्येक दिवसाला एक तास, प्रत्येक तासाला एक पान; आणि या सर्वांआधी, आरंभी, चाळीस पाने नुसत्या सूचनांची. आणि त्या पानावर शिक्षकाने काय विचारावे, मुलांनी काय करावे, फळ्याच्या कोणत्या बाजूस काय लिहावे, इथपर्यंत सारे नमूद. सर्वत्र लागू होण्यापूर्वी तो यंदा वर्षभरासाठी अडतीस शाळांत चाचणीला लावला होता. अडतीसही शाळांत एकाच दिवशी, एकाच तासाला, एकच पान उघडले जावे, असा साहेबांचा दंडक होता.

हा दंडक काही बिनविरोध मंजूर झाला नव्हता. शिक्षकांच्या गरजा समजून घ्याव्यात म्हणून दोन वर्षांपूर्वी एक सभा भरली होती. तीत निवृत्तीला चार वर्षे उरलेले एक हेडमास्तर उठून म्हणाले होते, “साहेब, पुस्तक झकास आहे. फक्त त्यात जो मास्तर आहे ना, तो आमच्या शाळेत नेमणुकीला नाही. आमच्याकडे कधी भाषेचा शिकवतो, कधी कवायतीचा. थोडा सैल धागा ठेवा. ज्याला जमेल तसा तो शिवून घेईल.” सभा हसली होती. साहेब चाळीस मिनिटे बोलले होते आणि सैल धाग्याची चिंधी चिंधी करून खाली बसले होते.

त्या सभेतली एकच मागणी त्यांनी मान्य केली. पहिले दोन महिने मुले नुसती ऐकत बसतात, तेव्हा काहीतरी हाताने करण्याचा पाठ अलीकडे आणा, असे शिक्षक काकुळतीला येऊन म्हणत होते. साहेबांनी पाणी तापवून तापमान मोजण्याचा प्रयोग सातव्या घटकातून उचलला आणि तिसऱ्यात ठेवला. मनाविरुद्ध केलेले काम माणूस जसे करतो तसे त्यांनी ते केले. एका दुपारी, कपाळाला आठ्या घालून, आणि पुन्हा मागे वळून न पाहता.

त्या गुरुवारी सकाळी पावणेअकरा वाजता पाने लावणाऱ्या बाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. पुढच्या छपाईसाठी पुस्तकातल्या प्रत्येक संदर्भापुढे पानाचा आकडा घालायचा, हे काम त्यांच्याकडे होते. गेली अकरा वर्षे त्या दोघांचे शब्दाला शब्द लागून भांडण होत असे आणि त्यावाचून दोघांनाही करमत नसे.

“साहेब, एक्काहत्तर पानावर चौथी कृती आहे. ‘ज्योत मंद झाल्यास, मागे शिकल्याप्रमाणे, दिव्यात स्पिरिट भरावे.’ मागे म्हणजे कुठल्या पानावर? मला सापडेना.”

“डोळे उघडून शोधा. ज्वलनाच्या पाठात आहे. ठळक अक्षरांत आहे.”

“तो पाठ पान एकशे बावन्नला आहे.”

“मग तोच आकडा घाला.”

बाई हलल्या नाहीत. “एक्काहत्तरच्या मागे एकशे बावन्न कसं येईल, साहेब?”

साहेबांनी पुस्तक ओढून घेतले. पान एकशे बावन्न. चौकटीत, त्यांच्याच शब्दांत लिहिले होते: जळत्या अथवा गरम दिव्यात स्पिरिट कदापि भरू नये, बाटलीसकट भडका उडतो. दिवा टोपण घालून विझवावा, पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मगच भरावा. त्यांनी पाने उलटी चाळली आणि एक्काहत्तरवर आले. मागे शिकल्याप्रमाणे. मागे काहीही शिकवलेले नव्हते. प्रयोग पुढे आला होता आणि त्याची सावधगिरी ऐंशी पाने पाठीमागे राहिली होती.

एक्काहत्तराव्या पानाच्या माथ्यावर छापले होते: दिवस एकतिसावा, तास तिसरा.

त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले नाही. पाहण्याची गरजच नव्हती. सकाळी घरून निघताना त्यांची लेक बुटाचे बंद बांधता बांधता म्हणाली होती, “चला, आज तुमचा एकतिसावा. प्रार्थना करा, बाबा, माझ्या पोरांनी काचा फोडू नयेत म्हणून.” ती त्या अडतीस शाळांपैकी एकीत भाषा शिकवण्यासाठी लागली होती, विज्ञानाची जागा रिकामी, म्हणून विज्ञानही तिच्याच गळ्यात पडले होते. स्पिरिटचा दिवा तिने आयुष्यात कधी हाती धरला नव्हता. पुस्तकात आहे तसे करायचे, एवढेच तिला ठाऊक होते, आणि तेही साहेबांनीच तिला शिकवले होते.

तिसरा तास साडेअकराला लागत असे.

मंडळाच्या संचालकबाईंनी सारे ऐकून घेतले तेव्हा अकराला दहा कमी होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “काही झालंय का?”

“अजून नाही. अजून तास लागलेला नाही.”

“मग फोन करा आणि आजचा तास घेऊ नका म्हणून सांगा. कारण सांगायचं नाही.”

“पण कारण सांगितल्याशिवाय...”

“साहेब, पुढच्या महिन्यात छपाईची मंजुरी आहे. आपल्याच पुस्तकाला आपणच धोकादायक म्हटलं की ते पुस्तक गेलं, तुम्ही गेलात आणि खाली सही माझी आहे म्हणून मीही गेले. लेखी काही नको. नुसतं पुढे ढकला म्हणा.”

इतर कोणत्याही दिवशी साहेबांनी या वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला फाटे फोडले असते. आज नाही. ते “बरं” म्हणाले आणि बाहेर आले. आणि जिना उतरताना त्यांच्या ध्यानात आले, की आपण या खोलीतून ‘बरं’ म्हणून कधीच बाहेर पडलो नव्हतो.

पहिला फोन त्यांनी लेकीला केला. तिचा फोन बंद होता. तासाच्या वेळी शिक्षकांनी आपले फोन कार्यालयात जमा करावेत, ही सूचनाही त्यांच्याच पुस्तकाच्या आरंभी होती. शाळेचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग त्यांनी यादी दोघांत वाटली. अर्धी स्वतः घेतली, अर्धी पाने लावणाऱ्या बाईंना दिली, आणि दोघे समोरासमोर बसून आकडे फिरवू लागले.

“मी मंडळातून बोलतोय,” साहेब म्हणाले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बोलणारा उठून उभा राहिला असावा. “आजचा तिसरा तास घेऊ नका.”

“का साहेब? आमचं काही चुकलं का?”

“नाही, नाही. नुसता पुढे ढकला.”

“साहेब, आम्ही एक दिवससुद्धा मागे नाही हो! अगदी एकतीसवर आहोत. दिवे काढून ठेवलेत.”

दुसऱ्या शाळेतून उत्तर आले, “झाला की साहेब तो! आज पहिल्याच तासाला घेतला. पोरं एकदम खूश.”

साहेबांनी फोन कानाशी घट्ट धरला. “दिव्यात स्पिरिट कुणी भरलं?”

“भरलं ना, साहेब. तुम्ही लिहिलंय अगदी तसंच.”

“कुणाला काही... सगळे ठीक आहेत?”

“ठणठणीत, साहेब. काळजी नको.”

तिसऱ्या शाळेतली शिक्षिका हसली. “कळलं, साहेब. थांबवा म्हटल्यावर आम्ही थांबतो का, हे बघताय ना तुम्ही? मागल्या भेटीतही तुम्ही असंच फसवलं होतं. या वेळी नाही फसायची मी. तास घेणार म्हणजे घेणारच!”

“बाई, मी खरंच सांगतोय, घेऊ नका.”

“हो हो, साहेब,” ती खट्याळपणे म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मागच्या भेटीत त्यांनी तसे केले होते. शिक्षक पुस्तकाला किती धरून आहेत हे पाहण्यासाठी त्यांनी मुद्दाम चुकीची सूचना दिली होती, आणि तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही, तेव्हा आपल्या अहवालात समाधान नोंदवले होते.

अकरा वाजून पाच मिनिटांनी दोघांचे मिळून बारा फोन झाले होते. बाराही शाळा एकतिसाव्या दिवसावर होत्या. काहींचा तास होऊन गेला होता, उरलेल्यांचा व्हायचा होता, आणि कोणीही कशालाही नकार देत नव्हते. बाईंनी फोन खाली ठेवला आणि त्या एकदम म्हणाल्या, “साहेब, हे लोक खोटं बोलताहेत.”

“कशावरून?”

“काचेवरून. तीन महिने झाले प्रयोगाच्या पेट्या पाठवून. फुटलेल्या सामानाची पत्रं माझ्याकडे येतात. अडतीस शाळांतून एक परीक्षानळी फुटल्याचं पत्र नाही. अहो, सातवीची पोरं आणि एक काच फुटत नाही? पेट्या उघडल्याच नाहीत बहुतेकांनी.”

काच न फुटल्याची हीच गोष्ट साहेबांनी तिमाही अहवालात शिस्तीचा पुरावा म्हणून घातली होती. त्यांनी बाईंकडे पाहिले. एरवी त्यांचा जळफळाट झाला असता. या क्षणी मात्र, आपले पुस्तक कुणीही उघडू नये, आपला शब्द कुणीही पाळू नये, अडतीसही शाळांनी आपल्याला खुशाल टोप्या घालाव्यात, अशी याचना त्यांचे सारे शरीर करत होते. पण सगळेच खोटे बोलत असतील, तर खरे बोलणारा ओळखायचा कसा? त्या बारांपैकी एखाद्या वर्गात खरोखरच दिवा पेटायचा असेल, तर तो कोणता?

“बहुतेकांनी म्हणजे सगळ्यांनी नव्हे,” ते पुटपुटले.

“नव्हेच. आणि तुम्ही असे दरडावून विचाराल तोवर कळायचंही नाही. घाबरतात तुम्हाला.”

“मी दरडावत नाही.”

“साहेब,” बाई म्हणाल्या, “मी अकरा वर्षं भांडतेय तुमच्याशी. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मीसुद्धा उभी राहते.”

पुढचा आकडा सभेत सैल धागा मागणाऱ्या त्या हेडमास्तरांचा होता. साहेबांनी तो फिरवला. पलीकडून “बोला, साहेब” असा सावध आवाज आला, आणि संचालकबाईंनी दिलेले वाक्य जिभेवर आलेले असताना साहेबांनी ते गिळले.

“मास्तर,” ते म्हणाले, “माझ्या हातून चूक झाली आहे.”

हेडमास्तरांनी हलक्या आवाजात विचारले, “साहेब, तब्येत बरी आहे ना? जवळ कुणी आहे का?”

“तब्येत बरी आहे. ऐका.” आणि त्यांनी सारे सांगितले. प्रयोग कसा पुढे आणला, सूचना कशी मागे राहिली, जळत्या दिव्यात स्पिरिट ओतले तर बाटलीतून कसा भडका उडतो आणि तो ओतणाऱ्याच्याच नव्हे, समोर बसलेल्या पोरांच्या तोंडावर कसा जातो. एवढी छोटी वाक्ये त्यांनी कित्येक वर्षांत उच्चारली नव्हती.

“अस्सं,” हेडमास्तर म्हणाले. “मग आता माझंही खरं ऐका. आम्ही एकोणिसाव्या दिवसावर आहोत. पेटी कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात. सातवीला विज्ञान शिकवायला माझ्याकडे चित्रकलेच्या बाई आहेत. त्यांच्या हातात मी दिवा देईन होय? तुमचा प्रयोग मी फळ्यावर चित्र काढून उरकणार होतो. रागावू नका.”

“रागावत नाही,” साहेब म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“आणि साहेब, कारण सांगा हो सगळ्यांना. नुसतं थांबवा म्हणालात तर आम्हाला वाटतं, ही काहीतरी तपासणी आहे, आणि मग जे करत नव्हतो तेही करून दाखवतो.”

साहेबांनी बाईंकडे पाहिले. “सगळ्यांना पुन्हा लावा. चूक माझी आहे, हे आधी सांगायचं. माझ्या नावानिशी.”

“आणि वरच्या बाई?”

“त्यांना मी पाहीन.”

मग जे सुरू झाले त्याला कबुल्यांचा पूरच म्हटले पाहिजे. ज्या शाळेत प्रयोग ‘पहिल्याच तासाला’ झाला होता, तेथे तो झालाच नव्हता. स्पिरिटची बाटली तर प्रवासातच सांडून रिकामी आली होती आणि सांगायची छाती कुणाला झाली नव्हती. कुणी चोविसाव्या दिवसावर होते, कुणी सतराव्यावर. एका शाळेने पुस्तक बाजूला ठेवून जुनेच शिकवायला घेतले होते. हसणाऱ्या त्या शिक्षिकेने मात्र दिवे खरोखरच मांडले होते. कारण ऐकल्यावर ती हसली नाही. फोन हातात धरूनच ती वर्गाकडे धावली आणि तिच्या चपलांचा आवाज साहेबांना दुरून ऐकू येत राहिला. परत आली तेव्हा ती धापा टाकत होती. “उचलले, साहेब. सगळे उचलले. बाटलीही कपाटात घातली.”

अकरा वाजून पंचवीस मिनिटे झाली. पाच शाळा उरल्या. त्यांतली एक लेकीची; त्या शाळेचा फोन दर दोन मिनिटांनी वाजत होता आणि कुणी उचलत नव्हते. आणि अडतीस शाळांत पुस्तकाच्या शब्दापासून केसभरही न ढळणारी अशी एकच व्यक्ती होती, हे साहेबांना आता दिवसाउजेडी दिसत होते. इतर सारे त्यांना घाबरून खोटे बोलत. ती घाबरत नव्हती. तिचा त्यांच्यावर विश्वास होता.

“तुम्ही जा,” बाई म्हणाल्या. “उरलेल्या चार मी बघते. जा म्हणते ना!”

टॅक्सीत ते पुढच्या आसनाच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून बसले. प्रत्येक सिग्नलला थांबताना त्यांचे मन वर्गात जाऊन पोहोचे. साडेअकरा: हजेरी झाली असेल. अकरा पस्तीस: दिवे पेटले असतील. त्यांनीच लिहिले होते, पाच मिनिटांत मांडणी पूर्ण व्हावी. अकरा पंचेचाळीस: दिवे लहान आहेत, पेटीत मावावेत म्हणून लहानच मागवले होते, दहा मिनिटांत ज्योत मंदावेल. ते मिनिट कोणते, हे जगात दुसऱ्या कुणालाही इतके नेमके ठाऊक नव्हते. चालकाने “घाई आहे का?” असे विचारले तेव्हा त्यांच्या तोंडून नुसता “हो” आला, आणि तोही धड नाही.

बाईंचा फोन आला. “चारही झाल्या, साहेब. कुणाकडे काही नाही. आता फक्त...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही.

शाळेच्या फाटकाशी ते उतरले तेव्हा बाराला दहा कमी होते. कार्यालयाच्या दारावर कुलूप होते. आत फोन वाजून दमल्यासारखा गप्प पडला होता. वर्ग ओसरीच्या टोकाला होता. ते धावले. किती वर्षांनी धावले ते त्यांनाही सांगता आले नसते.

खिडकीपाशी ते थबकले. आत चाळीस मुले, दोन दोन बाके जोडून केलेले चार गट, प्रत्येक गटामध्ये एक दिवा, त्यावर तिवई आणि चंचुपात्र. उन्हाची एक चौकोनी लादी बाकांवर पडली होती. आणि त्यांची लेक, डाव्या हाताने ओढणी मागे सारत, उजव्या हातात उघडी बाटली घेऊन कोपऱ्यातल्या गटाकडे निघाली होती.

दारातून आत शिरण्यासाठी त्यांनी पाऊल उचलले आणि ते तसेच हवेत राहिले. कुणी पाहुणा वर्गात आला की या शाळेतली मुले एकदम ताडकन उभी राहत. बाके खडखडत, डबे पडत. मागच्या भेटीत त्यांनी याची वाखाणणी केली होती. आता चाळीस मुले ताडकन उठली, तर चार पेटते दिवे कुठे जातील? आणि खिडकीतून ओरडावे, तर दचकेल ती. बाटली उघडी होती.

दुरुस्तीसाहेब गुडघ्यांवर बसले. मग हात टेकले. मंडळाच्या विज्ञान विभागाचे प्रमुख, इस्त्रीच्या पँटीसकट, मागच्या दारातून रांगत वर्गात शिरले.

शेवटच्या बाकावरच्या मुलीने त्यांना पाहिले आणि तिचे तोंड उघडे पडले. त्यांनी ओठांवर बोट ठेवले. मग घरी चहा मागताना जो आवाज लावत, तोच, मुद्दाम तोच आवाज लावून ते जमिनीवरून म्हणाले,

“चिमणे, बाटली खाली ठेव.”

आपल्या बाईंना कुणी चिमणी म्हणते, हे ऐकून वर्ग खदाखदा हसला. पण बसल्या जागी हसला. लेक थांबली. तिने इकडे तिकडे पाहिले, मग खाली पाहिले.

“बाबा? तुम्ही खाली काय करताय?”

“झाकण लाव आधी. घट्ट. आता ती खिडकीबाहेर ठेव.”

तिने तसे केले. ती त्यांचे सांगणे नेहमीच ऐके. मग हसू आणि लाज यांच्यामध्ये कुठेतरी अडकून ती म्हणाली, “अहो, पण तो दिवा विझलाय. म्हणून तर भरत होते. ज्योत मंद झाल्यास भरावे, असं तुम्हीच लिहिलंय ना?”

साहेब बाकाच्या कडेला धरून उठले. कोपऱ्यातला दिवा उन्हात होता. वातीवर काहीच दिसत नव्हते. क्षणभर त्यांनाही वाटले, विझला आहे. आपण उगीच जिवाचा आटापिटा केला. पण वातीच्या वरची हवा थरथरत होती. त्यांनी समोरच्या मुलीची वही उघडून कोऱ्या पानाची एक पट्टी फाडली आणि लांबूनच तिचे टोक वातीवर धरले. कागद तपकिरी झाला, आकसला आणि भकन पेटला.

हसणे थांबले.

“उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही,” ते म्हणाले. जळती पट्टी त्यांनी पात्रातल्या पाण्यात बुडवली. “हेही मी लिहायला हवं होतं. ते तर मी कुठेच लिहिलेलं नाही.”

लेकीने हळूच दुसऱ्या गटातल्या दिव्याकडे बोट दाखवले. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. “तो मघाशी भरला, बाबा. तोही असाच... मला वाटलं विझलाय. काही झालं नाही.”

दोघेही त्या दिव्याकडे पाहत राहिले. भरल्यावर ज्योत वाढून तो शांत, निळसर कडेने जळत होता, आणि त्याच्याभोवती दहा मुले कोपर टेकून बसली होती. का काही झाले नाही, याला विज्ञानात एक उत्तर असेल. साहेबांना त्या क्षणी ते शोधायचे नव्हते.

त्यांनी चारही दिव्यांवर एकेक करून टोपण ठेवले. मुलांना बाके जराही न हलवता भिंतीपाशी जायला सांगितले. मुले गेली, कुणी कुणाला ढकलले नाही. लेक त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि फक्त तिलाच ऐकू येईल असे म्हणाली, “मी तुमचं पान पाठ केलं होतं.”

“ठाऊक आहे.”

“नसतं केलं तर बरं झालं असतं.”

साहेबांच्या खिशात फोन थरथरू लागला. त्यांनी तो बाहेर काढला, संचालकबाईंचे नाव पाहिले आणि परत ठेवला. तो थांबला, पुन्हा थरथरू लागला. वरच्या बाईंना सारे कळले असणार.

“आता हे दिवे धुवायचे का?” भिंतीपाशी उभ्या असलेल्या त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारले.

“हात लावायचा नाही. पूर्ण थंड होऊ द्यायचे.”

“म्हणजे किती वेळ?”

साहेबांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. पूर्ण थंड होऊ द्यावा, हे त्यांनी सहा वर्षांत किती मसुद्यांत लिहिले होते, किती वेळा शब्द बदलून पाहिले होते. ‘पूर्ण’ हवे की ‘पूर्णपणे’ यावर पाने लावणाऱ्या बाईंशी दोन दिवस भांडले होते. पण असा दिवा त्यांनी स्वतः कधी पेटवला नव्हता, कधी भरला नव्हता आणि तो थंड होईपर्यंत कधी त्याच्यापाशी उभे राहिले नव्हते.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मोठ्या माणसाने असे म्हणणे तिच्या सवयीचे नव्हते. लेकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि फळ्यावर वेळ लिहिली. मग ती वळून मुलांना म्हणाली, “कुणी जवळ जायचं नाही. आपण सगळे इथूनच बघू.” आणि ते सगळे, चाळीस मुले, एक बाई आणि एक साहेब, भिंतीला पाठ लावून त्या चार दिव्यांकडे बघत उभे राहिले.